‘ॲडजस्ट’ करणे म्हणजे नेमके काय?
(तरुण आईवडिलांविषयीच्या एका कथेच्या निमित्ताने)

विवाह ठरला की आपल्या घरांतून वधूच्या कानांवर जे उपदेश पडू लागतात, त्यांत एक इंग्रजी शब्द हमखास असतो. आई म्हणते, “थोडं ॲडजस्ट करून घे, बाय.” मावशी तेच म्हणते, शेजारच्या काकूही तेच म्हणतात. वराला हा उपदेश सहसा कोणी करीत नाही. ही गोष्ट तूर्त बाजूला ठेवू. तिच्याकडे पुढे वळावेच लागणार आहे. विरारच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायचे असते तेव्हाही आपण हाच शब्द वापरतो. त्यामुळे ॲडजस्ट करणे म्हणजे अंग चोरून बसणे, आपली थोडी जागा सोडणे आणि आपले स्टेशन येईपर्यंत कसेबसे निभावून नेणे, असा अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे.

याच शब्दापासून घडलेले शीर्षक असलेली एक इंग्रजी लघुकथा १९२५ साली अमेरिकेत ‘रेडबुक’ या मासिकात प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘दि ॲडजस्टर’. लेखक एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात त्यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी आली आणि पुढे तीच जगभर वाचली गेली. ही कथा मात्र काहीशी मागे राहिली. परंतु विवाहाची दोन-चार वर्षे उलटलेल्या, पदरात एक मूल असलेल्या आणि तरीही ‘आपण अजून मोठे झालोच नाही’ अशी रुखरुख मनात बाळगणाऱ्या जोडप्यांनी ती अवश्य वाचावी, असे वाटते. प्रस्तुत लेखात त्या कथेचा परिचय करून देण्याचा आणि श्रद्धेच्या प्रकाशात तिच्याकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

कथालेखक आणि ख्रिस्तसभा

फिट्झगेराल्ड यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९६ रोजी मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल या शहरी एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्यांच्या जन्माच्या काही महिने आधीच त्यांच्या आईवडिलांच्या दोन लहान मुली मरण पावल्या होत्या. मुलगा जन्माला आला तो अशा शोकाकुल घरात. शालेय शिक्षणाचा काही काळ त्यांनी न्यू जर्सीतील न्यूमन स्कूल या कॅथलिक शाळेत काढला. तेथे फादर सिगर्नी फे यांनी या हुशार, अस्थिर मुलाला पुत्राप्रमाणे जवळ केले. फादर फे १९१९ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी आलेली आपली पहिली कादंबरी फिट्झगेराल्ड यांनी त्यांनाच अर्पण केली.

कादंबरी प्रसिद्ध झाली आणि आठवडाभरात, ३ एप्रिल १९२० रोजी, त्यांचा झेल्डा सेअर हिच्याशी न्यूयॉर्क येथील सेंट पॅट्रिक कॅथेड्रलच्या धर्मगुरुनिवासात विवाह झाला. वर तेवीस वर्षांचा, वधू एकोणीस वर्षांची. पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही एकदमच आली. १९२१ च्या ऑक्टोबरात कन्यारत्न झाले. तिला सारे स्कॉटी म्हणत. जोडपे तरुण होते, देखणे होते, रात्ररात्र चालणाऱ्या मेजवान्यांत रमणारे होते. त्यांचे नाव वर्तमानपत्रांत सतत झळके. धर्माचरण मात्र हळूहळू सुटत गेले. फिट्झगेराल्ड यांनी ‘दि ॲडजस्टर’ लिहिली तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. म्हणजे ज्यांच्याविषयी ते लिहीत होते, त्यांतलेच ते एक होते. या कथेला जी धार आहे ती तिथून आली आहे, असे मला वाटते.

कथा

ल्युएला हेम्पल ही तेवीस वर्षांची विवाहिता. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती न्यूयॉर्कच्या रिट्झ हॉटेलात मैत्रिणीसोबत चहा घेत बसली आहे. लग्नाला तीन वर्षे झाली आहेत. पती चार्ल्स कष्टाळू आणि प्रेमळ आहे. घरी चक नावाचा तान्हा मुलगा आहे, स्वयंपाकीण आहे, मूल सांभाळायला दाई आहे. असे असूनही ल्युएला मैत्रिणीपाशी जे बोलते ते ऐकून आपण दचकतो. संसाराचा आपल्याला कंटाळा आला आहे, इतकेच नव्हे तर पोटच्या मुलाचाही कंटाळा येतो, अशी ती कबुली देते.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. लेखकाने या बाईला खलनायिका केलेले नाही. तिची कबुली प्रामाणिक आहे. बाळंतपणानंतरचे थकलेले, रिकामे दिवस आपल्याकडील किती तरी तरुण माता अनुभवतात. परंतु ‘मूल झाले की आईला आनंदच व्हायला हवा’ असा समज इतका घट्ट आहे की त्या ते कोणापाशी बोलत नाहीत. पापनिवेदनाच्या वेळी मात्र हे मोठा अपराध म्हणून सांगतात. कंटाळा येणे हे पाप नव्हे. क्वचित तो आजारही असतो आणि तेव्हा डॉक्टरांकडेच जायला हवे. ल्युएलाची अडचण वेगळी आहे. आपल्याला आनंदी ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, असे ती मनोमन धरून चालली आहे.

त्या संध्याकाळी ती घरी येते तो एक अनोळखी पाहुणा बसलेला. नाव डॉक्टर मून. पत्नीची अस्वस्थता पाहून चार्ल्सने त्यांना घरी बोलावले आहे. ल्युएला रागावते. मला काहीही झालेले नाही, मला कोणाचा सल्ला नको, हा तिचा पवित्रा. आणि मग कथा अनपेक्षित वळण घेते. ज्या बायकोला बरे करण्यासाठी डॉक्टर आले, ती धडधाकट आहे. कोसळतो तो चार्ल्स. दिवसभर बाहेर राबणारा, घरी आल्यावर पत्नीचे मन राखण्यासाठी धडपडणारा हा मनुष्य आतून पार पोखरला गेला होता आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. त्याचे मनोबल पूर्णपणे ढासळते आणि तो अंथरूण धरतो.

आता घर कोणी चालवायचे? नोकरमाणसांशी कसे वागावे, घरात काय संपले आहे, काय आणायचे आहे, आजारी माणसाच्या खोलीत किती शांतता राखावी, यांतले काहीच ल्युएलाला ठाऊक नाही. तिला बाहेर पडायचे असते. डॉक्टर मून दारात उभे असतात. ते आवाज चढवीत नाहीत, उपदेशाचा पाऊसही पाडीत नाहीत. फक्त तिला जाऊ देत नाहीत. अशातच बाळ आजारी पडते आणि दगावते.

यानंतर ल्युएला आपले सामान बांधू लागते. या घरात आता तिच्यासाठी उरलेच काय, असा तिचा प्रश्न आहे. त्या वेळी डॉक्टर मून तिच्याशी जे बोलतात ते कथेचे मर्म होय. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: लहान मुलांशी आपला एक अलिखित करार असतो. त्यांनी समोर बसून नाटक पाहावे, आनंद लुटावा. ते उभे करण्याचे श्रम त्यांच्याकडून कोणी मागत नाही. पण वय वाढल्यावरही जो प्रेक्षकांतच बसून राहतो, त्याच्या वाटणीचे काम दुसऱ्या कोणाला तरी दुपटीने करावे लागते. ल्युएलाच्या घरात ते दुप्पट काम चार्ल्स करीत होता आणि त्याखाली तो मोडला. ऊब हवी असे वाटणे गैर नाही, असेही डॉक्टर मान्य करतात. मात्र इतकी वर्षे ती ऊब इतरांकडून तिच्यापर्यंत येत होती. आता ती तिच्यापासून इतरांकडे जायची वेळ आली आहे.

ल्युएला राहते. लेखकाने पुढील वर्षांचा तपशील सांगितलेला नाही. आपल्याला ती भेटते ती एकदम काही वर्षांनंतर. तोवर घराला घरपण आलेले आहे आणि ते तिच्यामुळे आलेले आहे. डॉक्टर मून निरोप घ्यायला येतात. इतकी वर्षे या घरी येणारे तुम्ही आहात तरी कोण, असे ती विचारते. ते सांगतात की आपण म्हणजे पाच वर्षांचा काळ आहोत. म्हणजे हा डॉक्टर माणूस नव्हताच. घरी येऊन बसलेला, ल्युएलाला दारातून परत फिरवणारा तो काळ होता.

शब्दाचा अर्थ

इंग्रजी व्यवहारात ‘ॲडजस्टर’ हा विमा व्यवसायातला शब्द आहे. आग लागली, मालाची नासधूस झाली, की विमा कंपनीच्या वतीने एक मनुष्य येतो, नुकसान डोळ्यांनी पाहतो, काय गेले आणि काय उरले याचा हिशेब मांडतो आणि देणेघेणे ठरवतो. डॉक्टर मून यांची भूमिका काहीशी तशीच आहे. त्या घरात कोण किती घेत होते आणि कोण किती देत होते, याचा हिशेब ते मांडून दाखवतात.

म्हणून आपल्या ‘ॲडजस्ट करून घे’ या उपदेशाहून कथेचे सांगणे वेगळे पडते. आपल्या उपदेशात सून आक्रसते, आपले मन मारते, गप्प बसते. ल्युएला आक्रसत नाही. उलट तिने त्या घरात तोवर कधी घेतलीच नव्हती ती मोठी जागा ती घेते. तिच्या आधाराने इतर माणसे उभी राहतात. लोकलच्या बाकावर चौथी सीट मिळवणे आणि गाडी चालवणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर या दोन अर्थांत आहे. आपल्या मुलींना आणि मुलग्यांनाही विवाहापूर्वी यांपैकी कोणता अर्थ शिकवला जातो, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारून पाहावे.

आपल्या घरांत नोकरचाकर क्वचितच असतात. दाई तर नाहीच. मग ही कथा आपल्याला लागू पडते काय? पडते, कारण दाईच्या जागी आपल्याकडे आजी असते. मुलगा आणि सून दोघेही पहाटेची लोकल पकडून मुंबईला कामाला जातात, रात्री आठ-नऊला परततात. बाळाला न्हाऊमाखू घालणे, डोस पाजायला नेणे, त्याला क्रुसाची खूण करायला शिकवणे, हे सारे साठी उलटलेली आजी करते. यात त्या तरुण जोडप्याचा दोष नाही. कर्जाचे हप्ते कोणाला चुकले आहेत? आजी-आजोबा हे तर देवाचे वरदानच. परंतु रविवारी सुट्टीच्या दिवशीही बाळाचा ताप किती आहे हे आईला आजीकडून कळत असेल आणि बाबा मोबाईलवरून मान वर न करता “बरा आहे ना?” एवढेच विचारत असेल, तर नाटक कोण करीत आहे आणि प्रेक्षकांत कोण बसले आहे, हे उघड आहे. दुप्पट काम कोणाच्या गुडघ्यांवर पडते, तेही.

एक गाळलेले वचन

आपल्या बहुतेक विवाहांच्या मिस्सात प्रेषित पौलाचे प्रीतीविषयीचे विवेचन वाचले जाते. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय तेरावा. तो उतारा विवाहविधीच्या वाचनसंग्रहात आठव्या वचनाच्या पूर्वार्धापाशी संपतो. त्यामुळे प्रीती सहनशील असते, परोपकारी असते, हे वधूवरांच्या कानांवर पडते. त्याच अध्यायातील अकरावे वचन मात्र त्या दिवशी वाचले जात नाही. त्या वचनात पौल स्वतःच्या बालपणाविषयी बोलतो: मूल होतो तेव्हाचे बोलणे, समजणे, विचार करणे वेगळे होते आणि प्रौढ झाल्यावर ते पोरपण आपण सोडून दिले. प्रीतीवरील सर्वांत विख्यात अध्यायाच्या मध्यभागी पौलाला मोठे होण्याची गोष्ट का सांगावीशी वाटली असेल? बहुधा त्याच्या दृष्टीने प्रीती करणे आणि मोठे होणे या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्या.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबजीवनावर ‘आमोरिस लेतित्सिया’ हे बोधपत्र दिले. त्याच्या चौथ्या प्रकरणात त्यांनी याच अध्यायातील चौथ्या ते सातव्या वचनांवर शब्दागणिक भाष्य केले आहे. विवाहाच्या दिवशी दोघांचे मीलन पूर्ण होऊन तयार झालेले असते असे समजू नये, ते दोघांनी पुढे घडवत न्यायचे असते, असे ते तेथे पुढे म्हणतात. ‘काळ हा अवकाशापेक्षा श्रेष्ठ’ हे त्यांचे आवडते सूत्र त्या बोधपत्राच्या आरंभीच येते आणि मुलांच्या संगोपनाविषयीच्या प्रकरणात पुन्हा येते. मुलाच्या प्रत्येक क्षणावर पहारा ठेवण्यापेक्षा त्याच्या वाढीची प्रक्रिया धीराने सुरू करून देणे महत्त्वाचे, हा तेथील आशय. पाच वर्षांच्या काळाचे रूप घेऊन आलेल्या डॉक्टर मूनची आठवण ते वाचताना होते.

अर्थात नुसत्या काळाने कोणी मोठे होत नाही. ल्युएलाच्या संसाराची पहिली तीन वर्षे ही देखील तीन वर्षेच होती. त्यांनी तिला काही दिले नाही. पुढच्या पाच वर्षांनी दिले, कारण त्या वर्षांत ती कामाच्या आत होती. प्रेम आधी वाटेल आणि मग मी थांबेन, असे तिने म्हटले असते तर ती त्याच रात्री निघून गेली असती.

याला जोडून कायद्याचा एक मुद्दा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. विवाहाचे वय कायदा ठरवू शकतो. आपल्या देशात ते मुलासाठी २१ आणि मुलीसाठी १८ आहे. मनाची परिपक्वता मात्र जन्मदाखल्यावर लिहिलेली नसते. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील १०९५ क्रमांकाचा नियम विवाहाची मूलभूत कर्तव्ये समजण्यास वा पेलण्यास असमर्थ असलेल्यांविषयी बोलतो. त्याचा आधार घेऊन ‘आम्ही लग्नाच्या वेळी अपरिपक्व होतो’ असे म्हणणारी जोडपी असतात. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली रोममधील रोटा या चर्चच्या न्यायालयासमोर बोलताना अडचण आणि असमर्थता यांत फरक करण्यास सांगितले होते. विवाह अवैध ठरतो तो खऱ्या असमर्थतेने; अडचणीने नव्हे. ल्युएलाला अडचण होती. खऱ्या असमर्थतेची प्रकरणेही असतात आणि त्यांचा निवाडा चर्चच्या न्यायालयानेच करावा. घरात मारहाण वा छळ होत असेल तर तेथे ल्युएलाचे उदाहरण देऊन कोणाही स्त्रीला ‘थांब’ म्हणू नये. ही कथा त्यासाठी नाही.

कथेशी असहमती

दोन ठिकाणी या कथेशी माझे जुळत नाही. पहिले ठिकाण बाळाच्या मृत्यूचे. कथा वाचून मिटल्यावर असा भास राहतो की आईला मूल नकोसे झाले म्हणून ते गेले, आणि ती शहाणी व्हावी म्हणून त्याला जावे लागले. लेखक तसे स्पष्ट म्हणत नाही. पण कथेची रचनाच तसे सुचवते. ख्रिस्ती माणसाने हा विचार ठामपणे नाकारला पाहिजे. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने दोन्ही पर्याय फेटाळले आहेत. आपल्या धर्मग्रामांत मूल गमावलेली अनेक जोडपी आहेत. दफनविधीहून परतताना ‘देवाने काहीतरी शिकवण्यासाठीच नेले’ असे बोल त्यांच्या कानांवर पडतात. बोलणाऱ्याचा हेतू सांत्वनाचा असतो, पण आईच्या काळजात ते काट्यासारखे रुतून बसतात. मूल कोणाच्या शिकवणीसाठी खर्ची पडत नाही.

दुसरे ठिकाण पतीचे. डॉक्टर मून यांचा सारा हिशेब ल्युएलापुढे मांडला जातो. चार्ल्सला कोणी काही विचारीत नाही. त्यानेही काही शिकायचे होते ना? आपण थकलो आहोत, हे त्याने तीन वर्षांत पत्नीला कधी नीट सांगितलेच नाही. तिला दुखवू नये म्हणून तिला लहान मुलीसारखे जपत राहिला आणि त्यामुळे ती लहानच राहिली. जोडीदाराला काही कळू न देणे हा प्रेमाचा एक प्रकार वाटतो, पण त्यात त्याच्यावरचा अविश्वासही असतो. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पतीपत्नींना उपदेश करण्याआधी, एकविसाव्या वचनात, एकमेकांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे. ॲडजस्ट करण्याचा उपदेश वराला कोणी करीत नाही, असे आरंभी म्हटले होते. कथाकारालाही ते सुचलेले दिसत नाही.

पित्याची गोष्ट त्यांनी निराळी लिहिली. तिचे नाव ‘द बेबी पार्टी’. तीही १९२५ सालीच प्रसिद्ध झाली. जॉन अँड्रॉस हा अडतीस वर्षांचा गृहस्थ. त्याची अडीच वर्षांची मुलगी ईड शेजाऱ्यांकडे मुलांच्या मेजवानीला गेलेली असते. तेथे खेळण्यातल्या अस्वलासाठी ती यजमानांच्या मुलाला ढकलते, तो पडतो, रडतो. जॉनच्या पत्नीला त्या घाबरल्या क्षणी नेमके हसू येते. झाले! दोन आयांत वाद पेटतो, पाठोपाठ दोन बाप बाहेर बर्फात एकमेकांवर तुटून पडतात. चाळीशीला टेकलेले दोन सभ्य गृहस्थ धापा टाकीत गुद्दे मारीत आहेत, हे दृश्य हसू आणणारे आहे. वसईतल्या एखाद्या वाढदिवसालाही ते शोभले असते. मारामारी संपते, हस्तांदोलन होते. रात्री जॉन झोपलेल्या मुलीला कुशीत घेऊन बसतो आणि आपण कशासाठी इतक्या त्वेषाने भांडलो हे त्याला उमगते. पोरकटपणा आणि पितृत्व एकाच माणसात, एकाच संध्याकाळी. या कथेत कोणी मरत नाही, कोणी उपदेशही करीत नाही. मला ती ‘दि ॲडजस्टर’पेक्षा अधिक खरी वाटते.

या दोन्ही कथा १९२६ साली ‘ऑल द सॅड यंग मेन’ या नऊ कथांच्या संग्रहात आल्या. पापनिवेदनाच्या वेळी खोटे बोललेल्या एका कॅथलिक मुलाची ‘ॲब्सोल्यूशन’ ही कथाही त्याच संग्रहात आहे. चर्चपासून दूर गेलेल्या या लेखकाच्या मनातून पापनिवेदनाची ती पेटी गेली नव्हती, हे तिच्यावरून कळते.

लेखकाची पाच वर्षे

कथा छापून आल्यावर पाच वर्षांनी, १९३० च्या वसंत ऋतूत, झेल्डा गंभीर मानसिक आजाराने कोसळली. कथेत पती कोसळला होता, प्रत्यक्षात पत्नी. तिच्यावर प्रथम युरोपात आणि नंतर अमेरिकेत वर्षानुवर्षे उपचार चालले. स्कॉटी त्या वेळी आठ वर्षांची होती. मोठे होण्याचा हिशेब इतक्या स्वच्छपणे मांडणाऱ्या लेखकाला स्वतःला तो जमला का? दारूचे व्यसन त्यांना जडलेलेच होते. त्याने त्यांचे शरीर आणि नाव दोन्ही खालावले. कर्ज झाले. पूर्वी हातोहात खपणारी पुस्तके विकली जाईनात. त्यांचा जीवनक्रम अनुकरणीय होता असे कोणी म्हणणार नाही.

परंतु झेल्डाच्या रुग्णालयांचा खर्च आणि मुलीचे शिक्षण हे दोन भार त्यांनी शेवटपर्यंत वाहिले. १९३७ साली ते हॉलीवूडला गेले आणि चित्रपट कंपनीत पगारी लेखक म्हणून कामाला लागले. तेथून ते मुलीला पत्रे लिहीत. अभ्यास, पैसे, वाचन, मैत्रिणी, कष्ट यांविषयीची ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली आणि त्या पुस्तकाला स्कॉटीनेच प्रस्तावना लिहिली. कडक, कधी चिडलेला, काळजीत बुडालेला, स्वतःच्या चुका मुलीच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून तळमळणारा बाप त्या पत्रांत भेटतो. प्रेक्षकांतून उठून रंगमंचावर तो उशिरा आला, धडपडत आला, पण आला.

२१ डिसेंबर १९४० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मेरिलँड राज्यातील रॉकव्हिल येथे सेंट मेरी चर्चच्या दफनभूमीत त्यांच्या वडिलांच्या घराण्यातील माणसे पुरलेली होती. आपल्यालाही तेथेच जागा मिळावी अशी त्यांची इच्छा होती. धर्माचरण सोडलेला कॅथलिक म्हणून स्थानिक धर्माधिकाऱ्यांनी त्या वेळी ती नाकारली आणि त्यांना जवळच्याच दुसऱ्या दफनभूमीत ठेवण्यात आले. १९४८ च्या मार्च महिन्यात झेल्डा ज्या रुग्णालयात होती त्याला आग लागून तिचाही अंत झाला. तिला त्याच कबरीत पुरले गेले.

स्कॉटीने हा विषय सोडला नाही. १९७५ साली, तिच्या प्रयत्नांमुळे आणि ख्रिस्तसभेच्या संमतीने, दोघांच्याही शवपेट्या सेंट मेरी चर्चच्या दफनभूमीत आणून पुन्हा पुरण्यात आल्या. १९८६ साली ती स्वतः निवर्तली, तेव्हा तिलाही तेथेच, आईवडिलांच्या शेजारी, जागा देण्यात आली.